दुधवडी दवाखान्यातील नवी भिंत न पाडण्याबाबत

प्रति,
मे. इमारत-देखभाल अधिकारीसाहेब,
सार्वजनिक दवाखाने, पूर्व विभाग,
मु. जळगाव.

अर्जदार : सुनंदाबाई भास्कर विसपुते, नर्स-सुईण, दवाखाना मौजे दुधवडी, तालुका पाचोरा.
हस्तलेखक : जीवराम दौलत पाटील, निवृत्त अव्वल कारकून, रा. दुधवडी.

विषय : बाळंतपणाच्या खोलीतील आवाज-बंद भिंत दि. १४ डिसेंबर रोजी पाडण्याचा हुकूम तहकूब होणेबाबत.

संदर्भ : (१) आपल्या कचेरीची नोटीस, दि. २२ नोव्हेंबर १९५४. (२) दुधवडी ग्रामस्थांची तक्रार, दि. ४ ऑक्टोबर १९५४. (३) आपल्या कचेरीकडून आलेली 'शांतता राखा' ही पत्र्याची पाटी, नग एक.

महोदय,

१. वरील नोटिशीत अर्जदारास तीन प्रश्न केले आहेत. एक, अर्जदार रोज दुपारी चारच्या सुमारास दवाखान्याच्या पश्चिमेकडील खोलीचे दार लावून घेऊन एकटीच किंचाळते, हे खरे काय. दोन, सदर खोलीत परवानगीवाचून दुसरी भिंत का घातली. तीन, त्या भिंतीस रस्त्याच्या कामाची सरकारी वाळू वापरली काय. पैकी पहिल्याचे उत्तर होय, तिसऱ्याचे नाही, आणि दुसऱ्याचे उत्तर म्हणजे हा अर्ज आहे. तो लांबला आहे. साहेबांनी कृपा करून एका बैठकीत वाचावा, कारण वाचण्यास हातात दिवस पाच आहेत.

२. अर्जदाराने याच विषयी याआधी तीन अर्ज केले. ते तिने स्वतः, सरळ भाषेत, पानभरात लिहिले, म्हणून त्यांचा उपयोग झाला नाही. पहिल्यावर 'विषय स्पष्ट नाही' असा शेरा होता. दुसऱ्यावर 'अर्ज रीतसर नाही' असा होता. तिसरा कुठे गेला ते कळले नाही. हस्तलेखक जीवराम याने तालुक्याच्या कचेरीत एकतीस वर्षे कारकुनी केली असून असले शेरे त्याने शेकड्यांनी मारले आहेत. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, या न्यायाने हा अर्ज लिहिण्याचे काम त्याने आपणहून मागून घेतले. येथे आणखी एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. संदर्भ क्र. २ ची तक्रार लिहिली तीही याच हाताने, आणि तीवरची पहिली सहीही याचीच. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर ताडून पाहावे. ज्याने तक्रार केली तोच आता त्या बाईच्या बाजूने का लिहितो, ते पुढे येईल.

३. प्रथम इमारत. दुधवडीचा दवाखाना म्हणजे एका पत्र्याखाली दोन खोल्या व पुढे ओटा. पूर्वेच्या खोलीत औषधे मिळतात, पश्चिमेच्या खोलीत बायका बाळंत होतात. मधली आणि ओट्याकडची, दोन्ही भिंती एका विटेच्या आहेत आणि त्या पत्र्यापर्यंत पोचत नाहीत. वर वाऱ्यासाठी हातभर मोकळी जागा सोडलेली आहे. ओट्यासमोर पाचोऱ्याची मोटार थांबते. टपालाची पेटी ओट्याच्या खांबाला आहे. त्यामुळे चार खेड्यांचे पुरुष सकाळपासून ओट्यावर बसलेले असतात, आणि ते सगळे कुणाचे ना कुणाचे सासरे किंवा जेठ, म्हणजे थोरले दीर, असतात.

साहेब शहरातले, म्हणून लिहावे लागते. आमच्याकडे सुनेचा आवाज सासऱ्याच्या व जेठाच्या कानावर जाऊ नये, अशी रीत आहे. सून पाणी आणून ठेवते, पण 'पाणी आणले' असे म्हणत नाही. बांगडी वाजली म्हणजे समजून घ्यायचे. आता जी बाई 'पाणी घ्या' म्हणायला लाजते, ती चार पुरुषांच्या पाठीमागे विटेच्या अंतरावर कण्हेल कशी? ती तोंडात कापडाचा बोळा घालते आणि चावते. दुधवडीस अर्जदार चार वर्षे आहे, धुळ्याहून शिकून आली आहे. या चार वर्षांत या खोलीत एकही बाई बाळंत होताना ओरडलेली नाही. ओट्यावरच्या मंडळींना ही दवाखान्याची कीर्ती वाटत असे. अर्जदारास मात्र भीती वाटे, कारण सुईण डोळ्यांनी जेवढे पाहते तेवढेच कानांनीही पाहते. बाई कशी कण्हते, कधी कण्हते, कळेचा सूर कधी पालटला, यावरून तिला वेळ कळते. आवाजच नाही म्हटल्यावर ती अंधारात चाचपडते.

४. दि. १९ फेब्रुवारी १९५३ रोजी बेबाबाई निंबा पाटील ही पहिलटकरीण खोलीत होती. वेळ अजून आहे असा अर्जदाराचा अंदाज होता, आणि पलीकडे तापाचे सात रोगी खोळंबले होते. अर्जदाराने बेबाबाईस बजावले, "कळ वाढली की हाक मार, मी भिंतीपलीकडेच आहे." बेबाबाईने मान डोलावली. अर्जदार औषधे देऊ लागली. त्या रोग्यांत बेबाबाईचा सासराही होता. त्याला थंडीताप होता आणि तो क्विनीनची गोळी घेण्यास ओट्यावर बसला होता. शेजारी कुणी म्हणाले, पहिलटकरीण असून आवाज नाही. त्यावर सासरा आपल्या अहिराणीत सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "मनी सून शे ती. तोंडमाईन शब्द बी निंघत नही." लोकांनी माना हलवल्या. सासऱ्याला बरे वाटले.

त्याच घटकेस भिंतीपलीकडे मूल येत होते. नाळ मानेभोवती होती. अर्जदार पाव तासाने आत गेली तेव्हा सगळे होऊन गेले होते. मुलगा होता. बेबाबाईच्या तोंडात बोळा तसाच होता आणि तिचे डोळे दाराकडे लागलेले होते. तिने हाक मारली नव्हती. अर्जदार म्हणते की नाळ सोडवायला दोन पळेही लागली नसती.

नंतर अर्जदाराने तिला विचारले, तेव्हा बेबाबाई म्हणाली, "मना आवाज आबाना कानवर गया असता ते मी जित्ती राहीसन काय करतू?"

हा आबा, तिचा सासरा, म्हणजेच हस्तलेखक जीवराम. ओट्यावर बसून शेखी मिरवणारा तो हाच. हे लिहिताना हात थांबला होता, परंतु अर्ज अपुरा राहू नये म्हणून लिहिले आहे.

५. अर्जदाराने पुढच्याच महिन्यात पहिला अर्ज केला की, खोलीतला आवाज बाहेर जाणार नाही अशी भिंत व्हावी, म्हणजे बायकांना आत मोकळेपणी ओरडता येईल. तो शेरा मारून परत करताना आपल्या कचेरीने सोबत 'शांतता राखा' ही पाटी पाठवली व ती बाळंतपणाच्या खोलीत ठळक जागी लावण्यास कळविले. अर्जदाराने ती लावली नाही. पाटी नीट जपून ठेवली आहे, हवी असल्यास परत करण्यात येईल.

मग अर्जदाराने स्वतःच साहित्याचा शोध सुरू केला. पहिल्याने मनात आली रुई. कापसाच्या मुलखात दुसरे सुचणार काय? पाचोऱ्याचे पिंजारी नूर महंमद यांच्याकडे ती सहा जाड रजया सांगायला गेली आणि भिंतीवर टांगायच्या म्हणून सांगितले. नूर महंमद यांनी रुई पिंजायचे तांतीचे पिंजण खाली ठेवले व म्हणाले, "बाई, रुईसे आवाज रुकता, तो मेरी तांत का आवाज सडकपर कैसे जाता? दुकानमें गले तक रुई है." हा माणूस स्वतःचे गिऱ्हाईक परतवीत होता. अर्जदाराने ऐकले नाही, रजया टांगल्या. खोलीतला घुमारा गेला, बोलणे गादीत तोंड खुपसल्यासारखे झाले, परंतु भिंतीपलीकडे शब्द न् शब्द पूर्वीप्रमाणेच पोचला. मऊ वस्तू खोलीतला घुमारा तेवढा गिळते, पलीकडे जाणारा आवाज अडवत नाही, एवढे ज्ञान सहा रजयांच्या मोबदल्यात मिळाले.

त्यानंतर सरकी. गोणपाटात ठासून सरकी भरली व पोती भिंतीला रचली. आवाज थोडा दबला. परंतु आठ दिवसांत उंदीर आले, आणि नवव्या दिवशी गावातली एक म्हैस दारातून मान घालून पोते ओढून घेऊन गेली. त्या वेळी खोलीत एक बाळंतीण होती. म्हैस पाहूनही ती ओरडली नाही. साहेबांनी यावरून रीतीचा जोर ध्यानी घ्यावा.

६. आता किंचाळण्याविषयी. भिंत चालते की नाही हे पाहायचे तर आत कुणी ओरडायला हवे आणि बाहेर कुणी ऐकायला हवे. ऐकणारे पुष्कळ होते. ओरडण्यास मात्र गावातली एकही बाई तयार झाली नाही. रिकाम्या खोलीत, काही दुखत नसताना, नुसती परीक्षा म्हणूनही नाही. दवाखान्याचा शिपाई भटू तयार झाला, पण विनाकारण ओरडणे त्यालाही जमेना. शेवटी तो आपल्या बैलांना हाका मारू लागला. त्याचा आवाज जाड, बाईच्या किंकाळीशी त्याचा मेळ नाही. म्हणून अर्जदार रोज चार वाजता दार लावून स्वतः किंचाळू लागली व भटू ओट्यावरून खूण करू लागला.

ओट्यावर याचा व्हायचा तो परिणाम झाला. कुणी म्हणाले, बाईला बाहेरची बाधा. कुणी म्हणाले, एकटी राहते, डोके फिरले. सर्वांत आधी उठला तो जीवराम. त्याने तक्रार लिहिली, गावाचा मान गेला असे लिहिले, सव्वीस सह्या घेतल्या व स्वतः जळगावास नेऊन दिली. त्यात गावाच्या मानाचा जो मजकूर आहे तो खोटा आहे. खरी गोष्ट अशी की रोज चार वाजता ती किंकाळी ऐकली की त्याला वाटे, हीच ती, दीड वर्षापूर्वी यायची होती ती. ती ऐकवेना. माणसाला जे ऐकवत नाही त्याविरुद्ध तो अर्ज करतो. अर्जदारास याची कल्पना नव्हती. तिला वाटले, म्हातारा खाष्ट आहे. तेही खोटे नाही.

७. तक्रार देऊन जीवराम परत आला त्याच आठवड्यात त्याच्या पत्नीने घरात सांगितले की बेबाबाईला पुन्हा दिवस गेलेले असून सातवा सरत आला आहे. सून चार हात अंतरावर भाकरी थापीत होती आणि सासऱ्याला ही गोष्ट तिसऱ्याकडून कळली, हेही रीतीप्रमाणेच झाले. त्या दिवशी जीवरामने रीत मोडून भिंतीकडे तोंड करून सुनेस सांगितले की या वेळी खुशाल ओरड, माझी परवानगी आहे. बेबाबाईने पदर पुढे ओढला व ती आत गेली. हुकमाने तोंड बंद करता येते, परंतु उघडता येत नाही, हे एकतीस वर्षे हुकूम लिहिलेल्या माणसाला त्या दिवशी समजले. मी बाळंतपणाच्या दिवशी पाचोऱ्यास निघून जाईन, असेही त्याने पत्नीकडून कळवून पाहिले. उत्तर आले की तुम्ही गेलात तर ओट्यावर दुसऱ्या कुणाचे आबा बसलेले असतील, आणि ते गावभर सांगतील.

(आपल्या कचेरीच्या ओव्हरसियरसाहेबांनी इमारतीच्या पाहणीच्या वेळी पुरुषांनी ओट्यावर बसू नये असा उपाय सुचवला. मोटार, टपालाची पेटी आणि औषधाची बाटली यांनाही तसे बजावता आले तर उपाय उत्तम आहे.)

दुसऱ्या दिवशी जीवराम दवाखान्यात गेला आणि अर्जदारास म्हणाला, बाई, भिंतीला काय लागते ते सांगा. अर्जदाराने त्याला आधी बसायलाही सांगितले नाही. मग सांगितले.

८. लागत होते ते वजन. नूर महंमद पुन्हा आले, त्यांनी भिंतीला मूठ मारून पाहिली आणि म्हणाले, हलके बोलते, जड गप्प बसते. म्हणून खोलीच्या आत, त्या दोन्ही मूळ भिंतींपासून चार बोटे सोडून पांढऱ्या मातीची दीड हात रुंद भिंत घातली व मधल्या फटीत कोरडी वाळू ओतली. ही वाळू गिरणेच्या पात्रातली असून जीवरामने स्वतःच्या गाडीतून तीन खेपांत आणली. रस्त्याच्या कामाची वाळू लाल व खडीमिश्रित आहे. ओव्हरसियरसाहेबांनी दोन्ही वाळू मुठीत घेऊन पाहिल्या असत्या तर तिसरा प्रश्न उरला नसता. दाराला आतून गोणपाट व त्यावर घोंगडी ठोकली, उंबऱ्याशी जाड पट्टी लावली.

अर्जदार किंचाळली. भटूने ओट्यावरून हात वर केला, म्हणजे ऐकू आले. सगळे गोंधळले. एवढी जड भिंत, मग आवाज कुठून? भटूने शिडी लावली तेव्हा उलगडा झाला. आवाज भिंतीतून येतच नव्हता, भिंतीवरच्या त्या हातभर मोकळ्या जागेतून पत्र्याखालून येत होता. दीड वर्ष आम्ही भिंतीला औषध देत होतो आणि रोग छपराला होता.

ती जागा बुजवायची म्हणून चिखल कालवला, तेवढ्यात गावची जुनी सुईण सुंदरबाई काठी टेकीत आली. तिचे वय ऐंशीच्या घरातले. तिने या गावातली निम्मी माणसे हातावर घेतली आहेत, जीवराम त्यांतलाच. ती चिखलाच्या घमेल्यासमोर उभी राहिली व म्हणाली, "बाळतीणनी खोलीमा काहीच बंद ठेवानं नही. कुलूप उघडतस, डबा उघडतस, केसनी गाठ सोडतस. अन तुम्ही भोक बुजी राहिनात?" साहेबांस कल्पना नसेल. बाई अडू नये म्हणून त्या वेळी घरातले प्रत्येक कुलूप, प्रत्येक झाकण, प्रत्येक गाठ उघडी करतात. बंद खोलीत एकही बाई पाऊल टाकणार नाही. उघडी ठेवली तर आवाज जातो, बंद केली तर बाई येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. अर्जदार त्या दिवशी घमेल्याजवळ बसून रडली. तिला रडताना ओट्यावरच्या लोकांनी पाहिले.

यातून वाट काढली ती पिंजाऱ्याने. नूर महंमद यांच्या दुकानाच्या मागे एक बोळ आहे. तो दोनदा वळतो आणि त्यात रुईचे ढीग ठेवलेले असतात. समोरच्या सडकेवर पिंजण ऐकू येते, पण बोळाच्या टोकाशी त्यांची मुलगी शहनाज अभ्यास करते, तिला ऐकू येत नाही. वाट उघडी, परंतु वळणावर रुई. त्याप्रमाणे वरच्या मोकळ्या जागेत मातीचा दोन वळणांचा मार्ग केला, आतून रजयांची रुई लावली व ती उंदरांपासून राखण्यास बारीक जाळी मारली. वारा येतो, जातो. सुंदरबाईने शिडीखाली उभे राहून मेणबत्ती वर धरायला लावली, ज्योत हललेली पाहिली आणि म्हणाली, "उघडं शे." तिने एवढे म्हटल्यावर गावाचा प्रश्न मिटला. सहा रजयांना आपली खरी जागा सापडली.

नकाशात हा वळणाचा मार्ग नाही, हे ओव्हरसियरसाहेबांचे म्हणणे बरोबर आहे. नकाशात बाळंतीणही नाही.

९. दि. ६ डिसेंबर रोजी अर्जदार चार वाजता किंचाळली. ओट्यावर अकरा माणसे होती. भटूने हात वर केला नाही. अर्जदाराने पुन्हा किंचाळून पाहिले. ओट्यावर कुणीतरी केळीच्या भावाबद्दल बोलत होते, ते बोलतच राहिले. ही भिंत झाली असे अर्जदार त्या दिवसापासून समजते. नोटिशीतला पहिला प्रश्नही त्यामुळे निकाली निघतो, कारण अर्जदार अजूनही किंचाळते किंवा कसे, हे आता ग्रामस्थांस सांगता येत नाही.

१०. परंतु खरी परीक्षा दि. ७ ची. बेबाबाईचा भिंतीवर विश्वास नव्हता. तुम्ही नर्सबाई, तुमचा आवाज शहरातला, माझा जाईलच, असे तिचे म्हणणे. अर्जदाराने तिला सांगितले, तर मग तूच ओरडून पाहा.  दि. ७ ला, मंगळवारी, ती सासूबरोबर आली. सासू बाहेर बसली. जीवराम ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसला होता, कारण त्याला तसे बसण्यास अर्जदारानेच सांगितले होते. दार बंद झाले.

जीवराम ऐकत होता. एकतीस वर्षांत त्याने एवढे लक्ष देऊन काहीही ऐकलेले नाही. मोटार आली, गेली. भटूने पेटीतले टपाल काढले. पाठीमागची भिंत थंड होती आणि तिच्यातून काहीच येत नव्हते. अर्धा तास झाला.  हीच ती शांतता, हे त्याने ओळखले. बोळा पुन्हा तोंडात गेला, मुलगी ओरडली नाही, ओरडणारही नाही, आणि आठ दिवसांनी तो पुन्हा याच जागी बसलेला असेल, असे त्याला वाटले.

दार उघडले. बेबाबाई पदर ओढून सासूकडे गेली. जीवरामने अर्जदारास हळू विचारले, "ओरडलीच नाही का?"

अर्जदार म्हणाली, "तीनदा ओरडली. पहिल्यांदा नुसतीच. दुसऱ्यांदा आईला हाक मारली. तिसऱ्यांदा आपल्याला उद्देशून बोलली, आबा, पुष्कळ वेळ बोलली."

काय बोलली, हे अर्जदाराने सांगितले नाही. जीवरामने विचारले. तरीही सांगितले नाही. ती म्हणाली, ते आत राहण्यासाठीच भिंत घातली आहे. जीवरामला ते ऐकण्याचा हक्क नाही हे त्याने मान्य केले आहे. ते काय असेल हे त्याला ठाऊकही आहे.

तेव्हा बोळ्याची शांतता आणि भिंतीची शांतता ओट्यावरून एकसारखीच ऐकू येते. जीवराम दोन्ही शांततांना पाठ लावून बसलेला आहे व तसे शपथेवर सांगण्यास तयार आहे. एका शांततेत त्याचा नातू गेला. दुसरी शांतता आपली कचेरी दि. १४ रोजी कुदळीने फोडणार आहे.

११. बेबाबाईचे दिवस अर्जदाराच्या हिशेबाने दि. १२ ते १८ डिसेंबर या दरम्यान भरतात. म्हणून विनंती की,

(अ) भिंत पाडण्याचा हुकूम निदान महिनाभर तहकूब व्हावा. तेवढ्यात आणखी चार बायकांची वेळ आहे.

(आ) ते शक्य नसल्यास साहेबांनी दि. १४ रोजी कुदळवाल्यांबरोबर स्वतः यावे. भिंत पाडण्यापूर्वी ओट्यावर भिंतीला पाठ लावून एक तास बसावे. आत कोण आहे हे अर्जदार सांगणार नाही. साहेबांच्या कानावर एवढासाही आवाज आला, तर पहिली कुदळ जीवराम स्वतः मारील.

(इ) परवानगीवाचून काम केल्याबद्दल जी काय शिक्षा असेल ती हस्तलेखकास व्हावी. माती त्याच्या शेतातली आहे, वाळू त्याच्या गाडीतली आहे, आणि तक्रारही त्याचीच होती. अर्जदाराचा अपराध एवढाच की ज्या गावात कुणी ओरडत नाही, तिथे ती एकटी ओरडली.

संदर्भ क्र. २ ची तक्रार हस्तलेखक या अर्जाद्वारे मागे घेत आहे. उरलेल्या पंचवीस सह्यांपैकी एकोणीस जणांनी मागे घेतल्याचा कागद सोबत आहे. सहा जण अद्याप विचार करीत आहेत. त्यांच्या घरी यंदा कुणाचे दिवस भरत नाहीत.

कळावे, आणि वेळेत कळावे.

आपली नम्र,
सुनंदाबाई भास्कर विसपुते
नर्स-सुईण, दुधवडी

हस्ताक्षर जीवराम दौलत पाटील याचे
मु. दुधवडी, दि. ९ डिसेंबर १९५४

सोबत :
१. तक्रार मागे घेतल्याचा कागद, एकोणीस सह्या व अंगठे.
२. वाळूच्या दोन पुड्या. 'गिरणा' व 'रस्ता' असे त्यांवर लिहिले आहे.
३. वळणाच्या मार्गाची आकृती, नूर महंमद पिंजारी यांनी सांगितल्याप्रमाणे.
४. कापडाचा बोळा एक, दातांच्या खुणांसह. बेबाबाई निंबा पाटील हिने दि. ७ रोजी खोलीतून बाहेर येताना अर्जदाराच्या हाती दिला. तूर्त तिला त्याची गरज नाही. भिंत पाडण्याचेच ठरल्यास तो दि. १४ च्या आत परत मिळावा.